जुना कॅमेरा ठेवावा की बदलावा: गोव्याच्या दमट हवेत करायच्या तपासण्या

चतुर्थी आठवड्यावर आली की कपाटातले कॅमेरे बाहेर निघतात. कुणाचा सुरूच होत नाही, कुणाच्या ग्रिपचं रबर हाताला चिकटतं, कुणाच्या माटोळीचे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या आराशीचे) फोटो दुधात बुडवून काढल्यासारखे येतात. मग ठरलेला प्रश्न: दहा-बारा वर्षं झाली, आता नवा घ्यावा का? नुसतं वय बघून याचं उत्तर देता येत नाही. २००८ सालचा कॅमेरा आजही ठणठणीत असू शकतो, आणि चार पावसाळे बॅगेत कोंडून ठेवलेला कॅमेरा कामातून गेलेला असू शकतो. गोव्यात कॅमेरा वापरून झिजण्याआधी न वापरता कुजतो. म्हणून पैसे मोजण्याआधी एक रविवार तपासणीला द्या. त्यासाठी मोबाईलचा टॉर्च, रबरी ब्लोअर, एक मोजपट्टी, तिपाई आणि त्याच माउंटची (त्याच बॉडीला बसणारी) दुसरी लेन्स लागेल. लेन्स तासाभरासाठी कुणाकडून मागून आणली तरी चालेल. ती मिळवाच, कारण दोष बॉडीत आहे की लेन्समध्ये, हे तिच्याशिवाय खात्रीने कळत नाही.

आधी तक्रार नेमकी करा

"फोटो चांगले येत नाहीत" एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. गेल्या वर्षभरातले बिघडलेले चाळीस-पन्नास फोटो कॉम्प्युटरवर उघडा, १०० टक्के मोठे करा आणि प्रत्येकाची माहिती वाचा: शटर किती (किती वेळ उघडं राहिलं), अ‍ॅपर्चर किती (लेन्सचं तोंड किती उघडलं; एफ/ चा आकडा लहान तितकं जास्त), आयएसओ किती (उजेडाला किती संवेदनशील). अर्ध्या तासात ढीग आपोआप वेगळे पडतात.

माणसं हललेली आणि भिंत मात्र स्पष्ट, शटर १/१५ किंवा १/३०: इथे कॅमेऱ्याचा दोष नाही, उजेड कमी पडला. सगळा फोटोच एका दिशेला पुसल्यासारखा दिसतो: हात हलला. कुठलीतरी एक गोष्ट स्पष्ट आहे, पण जी हवी होती ती नाही: फोकस चुकला. काहीच स्पष्ट नाही आणि दिव्यांभोवती धुकं आहे: लेन्समध्ये बुरशी किंवा वाफ. आकाशात दर फोटोत त्याच जागी करडा ठिपका: सेन्सरवर (लेन्समागच्या, फोटो टिपणाऱ्या पट्टीवर) धूळ.

यातला पहिला ढीग गोव्यातल्या घरगुती फोटोंत सर्वांत मोठा निघतो, म्हणून त्याचा हिशेब नीट करू. माटोळीखाली समई आणि छोट्या एलईडी माळांचा उजेड असतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तिथे एफ/१.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. म्हणजे जो फोटो १/१५ ला हलत होता, तो त्याच आयएसओवर १/१२५ ला मिळतो. जुनी बॉडी देऊन त्याच आकाराच्या सेन्सरची नवी बॉडी घेतली, तर रात्रीच्या फोटोत साधारण एक-दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा होतो. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर येणं म्हणजे तीन स्टॉपहून जास्त, आणि अशी साधी ५० किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स नव्या बॉडीच्या किमतीच्या लहानशा भागात येते. घरातल्या खोलीत लहान सेन्सरच्या बॉडीवर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते आणि मागे सरकायला जागा उरत नाही. त्यामुळे घरासाठी ३५ बरी. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर एएफ-डी (मोटर नसलेली) लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस (मोटर लेन्समध्येच असलेली) बघून घ्या.

दीडदमडीचे संशयित

बॉडीवर शंका घेण्याआधी तीन स्वस्त गोष्टी निकालात काढा.

बॅटरी. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) मेनूतल्या बॅटरीच्या माहितीत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलायला झाली. कॅननच्या मधल्या आणि वरच्या मॉडेलांत तीन हिरव्या पट्ट्या दिसतात, लाल पट्टी आली की तिचं काम झालं. कॅमेरा मधेच बंद पडणं, फ्लॅश लावताच स्क्रीन काळा होणं, थंड सकाळी वीसच फोटोंत बॅटरी संपणं, ही सगळी थकलेल्या बॅटरीची लक्षणं आहेत आणि कित्येक चांगले कॅमेरे याच कारणाने अडगळीत जातात. बॅटरी फुगून खाचेत घट्ट बसत असेल तर ती पुन्हा चार्ज करू नका. दरवेळी तारीख-वेळ विचारली जात असेल तर आतली घड्याळाची छोटी बॅटरी उतरली आहे. बऱ्याच मॉडेलांत ती मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होते. भरलेली बॅटरी घालून कॅमेरा दोन दिवस तसाच ठेवा आणि मग तारीख लावा.

कार्ड. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीच्या वरचं एसडी कार्ड ओळखत नाहीत. त्यानंतरचे काही ३२ जीबीवर थांबतात. दुकानातून आणलेलं ६४ जीबीचं कार्ड चाललं नाही म्हणून कॅमेरा बिघडला असं होत नाही. कार्ड कॉम्प्युटरवर नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. "कार्ड लॉक आहे" असं वारंवार येत असेल तर कार्डाच्या कडेची सरकपट्टी सैल झाली आहे, कार्ड बदला.

लेन्सचे संपर्कबिंदू. लेन्सच्या मागच्या कडेला आणि बॉडीच्या तोंडाशी सोनेरी ठिपक्यांची रांग असते. समुद्रावरची खारी हवा आणि बोटांचा घाम यांचा पातळ थर तिथे बसतो. कॅननवर एरर ०१ येतो तो बहुधा याचाच. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला नव्हे, तंतू न सुटणाऱ्या कापडाला किंचित लावा, ठिपके पुसा, पूर्ण सुकू द्या. निकॉनवर जुनी रिंगवाली लेन्स लावल्यावर एफईई अशी अक्षरं चमकली तर अ‍ॅपर्चरची रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवून लॉक करा. बिघाड काहीच नाही.

बुरशी: इथला खरा शत्रू

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा बहुतेक वेळ ओलीचिंब असते. हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की काचेवरच्या धुळीवर आणि तेलकट डागांवर बुरशी वाढते. तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. कातडी पिशवी, कापडी बॅग, फोम भरलेला मूळ खोका ही तिची आवडती घरं. फडताळात कपड्यांबरोबर डांबराच्या गोळ्यांशेजारी कॅमेरा ठेवायची सवय तर दुहेरी नुकसान करते: ओल तशीच राहते आणि गोळ्यांच्या वाफेचा थर काचेवर बसतो.

तपासायचं असं. आधी लेन्सच्या पुढचा यूव्ही फिल्टर काढा, कारण कित्येकदा बुरशी नुसत्या फिल्टरवरच असते. लेन्स बॉडीपासून सोडवा. अ‍ॅपर्चरची रिंग असेल तर पूर्ण उघडा. रिंग नसेल आणि पाती बंद दिसत असतील तर मागचा छोटा लिव्हर हलकेच धरून ती उघडा. (लिव्हर नसलेल्या लेन्समध्ये, जसं कॅननच्या ईएफमध्ये, लेन्स काढल्यावर पाती उघडीच असतात.) खोलीत अंधार करा. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून थोडा तिरका धरा आणि पुढून बघा. थेट दिव्याकडे बघू नका, तिरप्या उजेडात बघा.

चारदोन धुळीचे कण दिसतील, ते सोडून द्या. ते फोटोत येत नाहीत. बघायचं आहे ते काचेच्या कडेशी. पांढुरक्या, केसाहून बारीक दोऱ्या कडेपासून मध्याकडे मुळांसारख्या फांद्या फोडत आलेल्या असतात, कधी मधेच एखादी चांदणी फुटल्यासारखा ठिपका असतो. ती बुरशी. सगळ्या काचेवर सारखा दुधी पडदा दिसला तर ते वंगणाच्या तेलाची वाफ बसून झालेलं धुकं. कडेला इंद्रधनुषी कडी दिसली तर एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचांतला डिंक सुटतो आहे, आणि ती लेन्स दुरुस्तीला देण्यात अर्थ नाही.

दोरी दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही. कडेशी दोन-तीन दोऱ्या असतील तर भर दुपारच्या फोटोत फरक कळणारही नाही. फरक कळतो तो उजेड समोरून आल्यावर: समई, गाडीचे दिवे, मावळता सूर्य. म्हणून दुसरी चाचणी करा. अंधाऱ्या खोलीत समई लावा, तिपाईवरून तुमच्या लेन्सने एक आणि मागून आणलेल्या लेन्सने एक, त्याच सेटिंगवर फोटो काढा. ज्योतीभोवती पांढरं धुकं एकाच लेन्समध्ये आलं तर बॉडी निर्दोष आहे, पैसे लेन्सवर खर्च करा. दोन्हींत सारखंच आलं तर पुढच्या तपासण्या करा.

पुढच्या किंवा मागच्या काचेच्या बाहेरून बुरशी असेल तर आधी ब्लोअरने धूळ उडवून अल्कोहोलने ती घरी पुसता येते. आतली असेल तर लेन्स उघडावी लागते. ते काम जाणकाराचंच. लेप खाल्ला गेला असेल तर बुरशी निघाली तरी तिचे ओरखडे राहतात, हे दुरुस्तीला देताना मनाशी पक्कं ठेवा. लेन्स न निघणाऱ्या छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यात बुरशी आत शिरली असेल किंवा झूमच्या नळीत वाळू जाऊन नळी कुरकुरत अडत असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडा. त्या कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त होते.

डोळा लावायच्या काचेत, आरशावर किंवा फोकसच्या पडद्यावर दिसणारे डाग फोटोत येत नाहीत. त्यापायी बॉडी बदलू नका.

सेन्सर आणि शटर

आयएसओ १०० वर अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. कॅमेरा किंचित हलला तर उत्तमच, भिंतीवरचे डाग पुसले जातात आणि सेन्सरवरचे जागीच राहतात. मऊ गोल करडा ठिपका म्हणजे धूळ. मधे उजळ आणि कडेला गडद कडं असेल तर शटरच्या तेलाचा थेंब. फोटोत जो डाग वर डावीकडे दिसतो, तो समोरून सेन्सरकडे बघताना खाली डावीकडे असतो.

साफ करताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर सफाई चालू असतानाच आरसा खाली पडतो. सेन्सर सफाईचा पर्याय निवडा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा आणि रबरी ब्लोअरने चार-पाच फुंकर द्या. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. डब्यातला दाबाचा वायूही नको, त्यातलं द्रव्य काचेवर थिजतं. एवढ्याने डाग गेला नाही तर लहान सेन्सरला १६ मिलिमीटरची आणि फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिलिमीटरची सफाईकाडी घ्या, तिच्यावर दोन थेंब द्रव टाका, एकदा एका दिशेने, एकदा परत, आणि काडी टाकून द्या. तीच काडी दुसऱ्यांदा फिरवली की कडेचा कण मधे येतो आणि ओरखडा उठतो.

आता लेन्सवर झाकण लावून आयएसओ ८०० ला आधी १ सेकंदाचा आणि मग ३० सेकंदांचा फोटो घ्या. ३० सेकंदांच्या फोटोत लाल-निळे ठिपके दिसणारच, आपल्या उकाड्यात तर जास्तच. १ सेकंदाच्या फोटोतही ते भरपूर असतील आणि मेनूत पिक्सेल मॅपिंगची (खराब ठिपके झाकायची) सोय असेल तर ती चालवा, बरेचसे जातात. पण फोटोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ दिसली आणि ती दर फोटोत त्याच जागी असली, तर सेन्सर किंवा त्याचं सर्किट जात आहे. तिथे बॉडी बदलणं हाच शहाणपणा.

शटरची चाचणी दिवसा, खिडकीच्या उजेडात करा. एलईडीखाली करू नका. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि १/५०० सारख्या वेगाला निरोगी कॅमेऱ्याच्या फोटोतही काळ्या-पिवळ्या पट्ट्या उमटतात. मखरातल्या माळांखाली पट्ट्या आल्या तर आधी १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. दिवसाउजेडी पांढऱ्या भिंतीचे १/२५०, १/१००० आणि १/४००० ला फोटो घ्या. एक कड सतत गडद येत असेल तर शटरचा एक पडदा मंदावला आहे. काळी पट्टीच आली तर शटर गेलं.

शटरचं आयुष्य कंपन्या सांगतात: निकॉन डी९० चं १ लाख, डी७००० आणि डी७२०० चं दीड लाख, डी८५० चं २ लाख, कॅनन ७डी आणि ५डी मार्क ३ चं दीड लाख. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा लपलेला असतो आणि एग्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, कॅमेरा केबलने जोडून वेगळ्या प्रोग्रॅमने काढावा लागतो. आकडा हाती आला की साधा भागाकार करा. घरगुती वापरात वर्षाला ३,००० फोटो धरले तर १ लाखाला ३३ वर्षं लागतात. लग्नाचा फोटोग्राफर एका लग्नात २,००० फोटो काढत असेल आणि वर्षाला ४० लग्नं करत असेल तर ८०,००० होतात. त्याचं शटर दोन हंगामांत थकतं, तुमचं थकणार नाही. तुमच्या कॅमेऱ्याला धोका आहे तो ओलीचा.

फोकस चुकतो तेव्हा

मोजपट्टी टेबलावर ४५ अंशांत टेकवून ठेवा, तिपाईवर कॅमेरा लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि पट्टीवरच्या मधल्या आकड्यावर फोकस करा. एकदा डोळ्याने बघून, एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये स्क्रीनवरून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो अचूक आणि दुसऱ्यात पुढचा किंवा मागचा आकडा स्पष्ट, तर फोकसची यंत्रणा थोडी सरकली आहे. निकॉन डी७००० किंवा कॅनन ७डी सारख्या बॉडीत मेनूतूनच लेन्सप्रमाणे दुरुस्ती करता येते. खालच्या मॉडेलांत ती सोय नसते, दुरुस्ती केंद्रात द्यावं लागतं. दोन्ही फोटो अस्पष्ट असतील तर दोष लेन्सचा.

त्याच बैठकीत अ‍ॅपर्चरही तपासा. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवून तेच दृश्य एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६ ला घ्या. चारही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. आकडा वाढेल तसतसा फोटो पांढरा पडत गेला तर पात्यांवर तेल आलं आहे, ती वेळेत मिटत नाहीत. हा लेन्सचा आजार आहे. याचं खापर बॉडीवर फोडून नवी बॉडी घेतात आणि फोटो तसेच येत राहतात, असं फार होतं.

गंज आणि रबर

कॅमेरा उलटा करून तळाचे स्क्रू, फ्लॅशचा खाचा आणि पट्ट्याच्या कड्या बघा. तपकिरी किंवा हिरवट पूड दिसली तर खारं पाणी आतही पोचलं असणार. कळंगुट किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर नियमित वापरलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास दिसतं. बटणं कधी लागतात, कधी लागत नाहीत, स्क्रीन आपोआप मेनू उघडतो, अशी लक्षणं सोबत असतील तर सर्किटवर क्षार बसला आहे. एक भाग बदलला की पुढच्या पावसाळ्यात दुसरा जातो. अशा बॉडीवर पैसे घालू नका. समुद्रात पडलेला कॅमेरा तर सुरू करूनच बघू नका. बॅटरी काढा, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि फार आशा ठेवू नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने क्षार जात नाही.

ग्रिपचं रबर सुटणं किंवा चिकट होणं दिसायला वाईट, पण तो आजार नव्हे. अल्कोहोलने पुसा, सुटलं असेल तर पातळ दुहेरी चिकटपट्टी लावा. झटपट चिकटणारा गोंद कॅमेऱ्याजवळ आणू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर बसतो.

मग बदलायचा कधी

दुरुस्तीचा खर्च आधी लेखी घ्या. त्याच मॉडेलची चालू स्थितीतली जुनी बॉडी बाजारात जेवढ्याला मिळते, त्याच्या निम्म्याहून जास्त खर्च असेल तर दुरुस्ती करू नका. डीएसएलआरच्या जुन्या बॉडी आता भरपूर आणि स्वस्त मिळतात, त्यामुळे शटर गेलेल्या बॉडीला नवं शटर बसवण्यापेक्षा तीच बॉडी वापरलेली घेणं पुष्कळदा परवडतं. लेन्स, बॅटरी, चार्जर सगळं तेच चालतं.

रात्रीच्या फोटोतली खरखर हे एकटं कारण असेल तर थांबा. फोटो रॉ मध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढायला लागा. एप्रिल २०२३ पासून लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅममध्ये रॉ फाइलची खरखर काढणारं नवं डीनॉइज आलं आहे आणि ते दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याच्या फाइलवरही उत्तम काम करतं. शिगमोच्या मिरवणुकीत आयएसओ ३२०० ला घेतलेली रोमटामेळाची फाइल आधी त्यातून काढून बघा, मग दुकानाची पायरी चढा.

पिक्सेल कमी आहेत हे कारण तर बहुतेक वेळा कारणच नसतं. ६ मेगापिक्सेलमधून ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) साधारण १० इंच रुंद छपाई होते, १२ मधून १४ इंच, २४ मधून २० इंच. फोटो मोबाईलवरच बघितले जात असतील तर ६ सुद्धा पुरतात.

कॅमेऱ्याचं काम मोबाईलवर भागतं का, हेही प्रामाणिकपणे तपासा. मोबाईलचा नाइट मोड बरेच फोटो एकावर एक रचतो, म्हणून स्थिर माटोळी छान येते. धालो किंवा फुगडीत तीच युक्ती फसते, हात-पाय विरघळतात. लांबचं टिपायचं नसेल, हलणारं टिपायचं नसेल, छपाई करायची नसेल आणि कॅमेरा वर्षातले अकरा महिने कपाटातच राहत असेल, तर नवा घेऊ नका. तोही तिथेच कुजेल.

नव्या मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीचा खरा फायदा तीन ठिकाणी आहे, आणि तिथे तो घसघशीत आहे. पक्षी: करमळीच्या तळ्यावर किंवा चोडणच्या अभयारण्यात उडती घार पकडायची तर पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला चिकटून राहणारा फोकस हवा. डी९० च्या ११ फोकस बिंदूंनी ते काम नशिबावर सोडावं लागतं. आवाज: दशावतारी नाटकात, देवळाच्या गाभाऱ्यासमोर किंवा चर्चमध्ये शटरची खटखट नको असते, तिथे निःशब्द शटर लागतं (फक्त एलईडीखालच्या पट्ट्या सांभाळा). व्हिडिओ: ४के आणि चालू फोकस बहुतेक जुन्या डीएसएलआरमध्ये नाहीत. यांतलं काही तुमच्या रोजच्या कामाचं असेल तर जुना कॅमेरा धडधाकट असला तरी बदलणं योग्य आहे.

बदलताना लेन्स मोजा, बॉडी नंतर. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ या मिररलेस बॉडीवर अ‍ॅडॉप्टर लावून पूर्ण फोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरने झेड या मिररलेस बॉडीवर चालतात, पण एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस त्यावर चालत नाही. दोन्ही कंपन्यांचे नवे माउंट २०१८ सालचे आहेत आणि २०२० नंतर त्यांनी नवी डीएसएलआर बॉडी बाजारात आणलेली नाही. त्यामुळे जुन्या माउंटची नवीकोरी महागडी लेन्स आज घेऊ नका. वापरलेली घ्या, पण वरची टॉर्चची चाचणी दुकानातच करून.

नवा आणण्याआधी कोरडा डबा आणा

जुना बुरशीने गेला आणि नवाही त्याच फडताळात ठेवला, तर तीन पावसाळ्यांत पुन्हा इथेच याल. वॉरंटी सहसा बुरशीला लागू होत नाही. विजेवर चालणारं छोटं ड्राय कॅबिनेट मिळतं, त्याला वीज नाममात्र लागते आणि दार बंद असेल तर लाईट चार-सहा तास गेली तरी आतली हवा टिकते. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं.

तेवढा खर्च नको असेल तर घट्ट रबरी कडेचा दहा-बारा लिटरचा प्लास्टिकचा डबा, आत २०० ते ३०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. मापकाशिवाय हा डबा म्हणजे आंधळा कारभार. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषल्यावर ते हिरवं होतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच तापवू नका. रंग बदलला की वेगळ्या जुन्या ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास ठेवा, थंड झाल्यावर परत डब्यात. जुलैत डबा रोज उघडत असाल तर हे दर दोन आठवड्यांनी करावं लागेल. डब्यात कॅमेरा बॅगेविना, पट्टा काढून ठेवा. पट्ट्यात मुरलेला घाम हीसुद्धा ओलच.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि अर्धा तास तसाच ठेवा, नाहीतर बाहेरची वाफ थंड काचेवर धरते. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा, मग कोरड्याने. माशेलच्या चिखलकाल्याला किंवा गुलालात लेन्स बदलू नका, आणि घरी आल्यावर आधी ब्लोअर, मगच कापड. उलट केलं तर रंगाचे कण काचेवर घासले जातात.

नवा घेताना बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका, महिनाभर आधी घ्या. दोष असेल तर बदलून मिळायला वेळ राहतो आणि मेनूही हाताखालचा होतो. जुनी बॉडी विकताना कार्ड काढा, सेटिंग मूळ स्थितीला आणा, शटरचा आकडा आणि बुरशीची खरी स्थिती घेणाऱ्याला सांगा. फुगलेल्या किंवा थकलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि त्या ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका.